अनियतकालिक काढायचं आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीतून आम्ही तिघं मिळून एक छोटं वाङ्मयीन अनियतकालिक काढतो. अंक पोचला की पत्रं येतात, आणि त्यातली बरीच अंकाबद्दल नसतात. ‘आम्हालाही काढायचंय, सुरुवात कुठून करू?’ असं विचारणारी असतात. लातूर, सावंतवाडी, पणजी, बंगळूर, कुठून कुठून येतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कायद्याचं जे लिहिलं आहे ते आमच्या कामापुरतं आहे. मोठी शंका असेल तर वकिलाला विचारा.

१. अनियतकालिक म्हणजे नेमकं काय? ते मासिकापेक्षा वेगळं कसं?

पुढचा अंक कधी येणार हे ज्याचं ठरलेलं नसतं ते अनियतकालिक. पुरेसं चांगलं लेखन आणि छपाईपुरते पैसे जमले की अंक निघतो. मराठीत या वाटेची सुरुवात साधारणपणे ‘शब्द’पासून धरतात. दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ या तरुणांनी तो १९५४ साली मुंबईत सायक्लोस्टाईलवर (स्टेन्सिलवरून प्रती काढायच्या जुन्या यंत्रावर) काढायला सुरुवात केली. साठच्या दशकात अशोक शहाण्यांचा ‘असो’, नेमाड्यांचा ‘वाचा’, राजा ढाल्यांचे ‘येरू’ आणि ‘चक्रवर्ती’, चंद्रकांत खोतांचा ‘अबकडइ’ असे कितीतरी अंक आले. प्रतिष्ठित मासिकांत ज्या भाषेला आणि ज्या माणसांना जागा नव्हती, त्यांनी आपली जागा स्वतः छापून घेतली. १९६९ साली ‘सत्यकथा’ या प्रतिष्ठित मासिकाच्या अंकाची होळी झाली ती याच रागातून. दलित साहित्याच्या उभारणीत गंगाधर पानतावण्यांच्या ‘अस्मितादर्श’चा वाटा केवढा मोठा आहे हे वेगळं सांगायला नको. ते मात्र त्रैमासिक होतं आणि दीर्घकाळ चाललं. म्हणजे छोटं असणं आणि अनियमित असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्हाला यातलं काय हवंय ते आधी ठरवा.

२. जवळ पैसे नाहीत, जागा नाही, ओळखी नाहीत. तरी जमेल?

जमेल. जागा लागतच नाही. ओळखी अंकामुळे होतात. पैशाचं गणित प्रश्न ३ आणि ५ मध्ये आहे. ज्याच्याशिवाय चालत नाही ती गोष्ट वेगळीच: इतरांनी लिहिलेलं मन लावून वाचण्याची तयारी. फक्त स्वतःच्या कविता छापायच्या असतील तर सरळ कवितासंग्रह काढा, त्यात काहीच गैर नाही.

३. पहिला अंक किती पानांचा काढावा? प्रती किती?

आमचं मत ठाम आहे: चौसष्ट पानं, शंभर प्रती. कारण सांगतो. ए-४ कागद मधोमध दुमडला की ए-५ आकाराची चार पानं होतात, म्हणजे चौसष्ट पानांना सोळा कागद. शंभर प्रतींना सोळाशे. वाया जाणारे धरून पाचशेच्या चार रिमांत काम होतं. एवढी जाडी सेंटर पिनमध्ये (घडीवर मधोमध मारलेल्या पिनांत) नीट बसते. त्यापुढे गेलात की दुमडल्यावर आतली पानं बाहेर सरकतात, कटिंगमध्ये समास खाल्ला जातो, आणि मग परफेक्ट बाइंडिंगचा, म्हणजे कण्याला गोंद लावून केलेल्या बांधणीचा, खर्च वाढतो.

पानांची संख्या चारने भाग जाईल अशीच ठेवा. मजकूर एकसष्ट पानांत संपला तर उरलेल्या तीन पानांवर भरतीची कविता टाकू नका. कोरी सोडा, किंवा चित्रकार मित्राला द्या.

समजा एका बाजूच्या डिजिटल छपाईला एक रुपया पडतो. सोळा कागदांच्या बत्तीस बाजू, म्हणजे बत्तीस रुपये. मुखपृष्ठ, पिनिंग, कटिंग धरून प्रत पन्नासच्या आसपास जाते आणि शंभर प्रतींचे पाच हजार होतात. तुमच्या गावातला दर निराळा असेल, पण हिशेब याच पद्धतीने मांडा आणि तो मांडल्याशिवाय कुणालाही अंकाची तारीख सांगू नका.

४. झेरॉक्स, डिजिटल की ऑफसेट?

दोनतीनशे प्रतींपर्यंत डिजिटल. ऑफसेटला प्लेटचा खर्च सुरुवातीलाच बसतो आणि तो जास्त प्रतींवर विभागला गेला तरच परवडतो. पाचशेच्या पुढे जाणार असाल तर ऑफसेटवाल्याकडून कोटेशन घ्या. तो फर्म्याच्या हिशेबाने बोलेल. फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापली जाणारी पानं; तो बहुधा सोळा पानांचा असतो, त्यामुळे पानं त्या पटीत बसवा.

झेरॉक्सला कमी लेखू नका. कवितेचा आठ पानी अंक झेरॉक्सवर उत्तम निघतो, फक्त काळ्या चित्रांचे मोठे ठोकळे टाळा. कागद आतल्या पानांना ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाचा) मॅपलिथो, म्हणजे छपाईचा साधा कागद, तोही किंचित पिवळसर मिळाला तर घ्या. डोळ्यांना बरा पडतो. मुखपृष्ठाला २५० जीएसएम पुरे.

५. पैसा कसा उभा करायचा? वार्षिक वर्गणी घ्यावी का?

वार्षिक वर्गणी घेऊ नका. वर्गणी म्हणजे ठरावीक काळात ठरावीक अंक द्यायचं वचन, आणि पहिल्या दोन वर्षांत ते पाळणं फार थोड्यांना जमतं. त्याऐवजी फक्त पुढच्या एका अंकाची किंमत आगाऊ घ्या आणि त्या नावांची वही ठेवा. ‘शब्द’ १९६० च्या सुमाराला बंद पडला तो मुख्यतः पैशाअभावीच. ज्यांच्याकडे चित्रे-कोलटकरांसारखी माणसं होती त्यांनाही हे गणित सुटलं नाही, हे ध्यानात ठेवा.

संपादकांनी दरमहा थोडी थोडी रक्कम बाजूला टाकणं हा सगळ्यांत खात्रीचा मार्ग. कर्ज काढून अंक काढू नये. घरातल्या माणसाचे दागिने, मुलाची फी यांना हात लावून काढलेल्या अंकाचं कौतुक आपल्याकडे उगाच होतं. जाहिरात घ्यायला हरकत नाही. गावातलं पुस्तकाचं दुकान, ओळखीची प्रेस, एखादी शिकवणी. १९०९ साली ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली तेव्हापासून मराठीत जाहिरातींचा हंगाम दिवाळीचा. पण त्याच महिन्यात शेकडो अंक बाजारात असतात, आणि छोटा अंक त्यात दिसेनासा होतो. आम्ही मुद्दाम उन्हाळ्यात काढतो.

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची वाङ्मयीन नियतकालिकांसाठी अनुदान योजना आहे. अर्जाआधी त्या वर्षीची नियमावली वाचा, आणि अनुदान मिळेल असं धरून छपाईची ऑर्डर देऊ नका.

६. सरकारी नोंदणी करावीच लागते का?

१८६७ चा जुना कायदा आता नाही. त्याच्या जागी २०२३ चा प्रेस आणि नियतकालिक नोंदणी कायदा आला आणि तो १ मार्च २०२४ पासून लागू आहे. त्यातली नियतकालिकाची व्याख्या दोन गोष्टींवर उभी आहे: प्रकाशन नियमित अंतराने होत असावं, आणि त्यात सार्वजनिक बातम्या किंवा त्यांवरचं भाष्य असावं. पुस्तक या व्याख्येत येत नाही.

मासिक, द्वैमासिक, त्रैमासिक म्हणून काढणार असाल तर नोंदणी करा. अर्ज प्रेस सेवा पोर्टलवर ऑनलाइन होतो. जिल्ह्याच्या कचेरीत जाऊन घोषणापत्र करण्याची जुनी पद्धत गेली. शीर्षकासाठी दोनतीन पर्याय तयार ठेवा, कारण साधी सुंदर नावं बहुतेक आधीच घेतलेली असतात. खरोखर अनियत असेल, फक्त कविता-कथा असतील, तर पुष्कळ जण प्रत्येक अंक स्वतंत्र पुस्तक म्हणून काढतात (प्रश्न ७ पहा). मात्र अंकावर ‘त्रैमासिक’ छापायचं आणि नोंदणीच्या वेळी ‘हे पुस्तक आहे’ म्हणायचं, असं करू नका.

कोणताही मार्ग घेतलात तरी संपादक, प्रकाशक, मुद्रक यांची नावं, ठिकाण आणि प्रकाशनाचा महिना आतल्या पानावर छापाच. तीस वर्षांनी कुणी अभ्यासक तुमचा अंक हातात घेईल तेव्हा त्याला दुसरा आधार नसतो. साठच्या दशकातल्या कित्येक अंकांवर साल नाही आणि त्यामुळे आज त्यांचा क्रम लावणं कठीण जातं.

७. आयएसबीएन आणि आयएसएसएन यांत फरक काय? कोणता घ्यावा?

दोन्ही ओळखक्रमांक आहेत: आयएसबीएन पुस्तकाला, आयएसएसएन सलग चालणाऱ्या नियतकालिकाला. आयएसबीएन दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो; दलालाला पैसे देऊ नका. तो नसला तरी अंक काढता येतो.

आयएसएसएन घेतलात तर एका गोष्टीची तयारी ठेवा. प्राध्यापकांचे ‘शोधनिबंध’ येऊ लागतील, काही जण छापण्याचे पैसेही देऊ करतील. ते घेऊ नका. पैसे घेऊन पहिला लेख छापलात की त्या अंकातल्या बाकी सगळ्यांच्या लेखनावर संशय येतो. यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, मान्य संशोधन-नियतकालिकांची ‘केअर’ यादी २०२५ मध्ये बंद झाली, पण असे प्रस्ताव अजून येतात.

८. ग्रंथालयांना प्रती पाठवणं सक्तीचं आहे म्हणतात. खरं का?

हो. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाने आपल्या खर्चाने एकेक प्रत चार ग्रंथालयांना द्यायची असते: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कोनेमारा, मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी. पुस्तकासाठी मुदत प्रकाशनापासून तीस दिवस. छोटे प्रकाशक हे टाळतात, आणि पुढे ‘आमची दखल घेतली नाही’ म्हणून हळहळतात. याशिवाय एक प्रत तुमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात स्वतः नेऊन द्या आणि पोच घ्या.

९. चांगलं लेखन येतच नाही. काय करावं?

येत नाही, मागावं लागतं. ‘साहित्य पाठवा’ एवढंच आवाहन केलं तर तुमच्याकडे येतं ते इतरांकडून परत आलेलं. एखाद्याची कविता कुठे वाचली, ऐकली, आवडली, तर त्याला पत्र लिहा आणि त्या कवितेतलं नेमकं काय आवडलं ते सांगा. ज्याने कधी छापायला दिलंच नाही अशा माणसाकडे जा. ऊसतोडीला जाणाऱ्याची डायरी, एसटी वाहकाच्या आठवणी, नर्सिंगच्या विद्यार्थिनीने रात्रपाळीत लिहिलेलं काही. छोट्या अंकाने हे नाही केलं तर दुसरं कोण करणार? मोठ्या नावाची उरलेली कविता मागून घेऊन पहिल्या पानावर टाकण्यात अंकाचं काही भलं होत नाही.

१०. नकार कसा कळवायचा? आणि मित्राची कविता वाईट असेल तर?

दोन्हींचं उत्तर एकच: लवकर आणि कारणासह. ज्या ‘सत्यकथे’ची होळी झाली, तिच्याच संपादकांनी, श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी, लेखकांशी कथेच्या एकेका जागेवर पत्रव्यवहार केला. तो राग आपला आहे तशी ती पत्रंही आपलीच आहेत. दोन्ही घ्यावं.

छापील ‘साभार परत’ पाठवू नका. दोन ओळी लिहा, पण त्या त्याच कवितेबद्दल असू द्या. ‘शेवटचं कडवं आधीचं सगळं समजावून सांगतंय, ते काढून पुन्हा वाचून पाहाल का?’ असं लिहिलं तर नकार बोचला तरी उपयोगी पडतो. दोन महिन्यांत कळवता येत नसेल तर तेवढं लेखन मागवूच नका. मित्राला हे तोंडी सांगा. अंक निवडीवर उभा असतो, आणि मैत्रीखातर छापलेली एक कविता वाचकाला लगेच ओळखू येते.

११. मानधन द्यावं का?

द्यावं, शंभर रुपये का होईना. ते शक्य नसेल तर मागतानाच स्पष्ट लिहा, ‘मानधन देऊ शकत नाही, दोन प्रती देऊ’. त्या दोन प्रती विक्रीच्या आधी पोचल्या पाहिजेत. स्वतःच्या कवितेचा अंक लेखकाला विकत घ्यायला लावणं वाईट.

१२. कॉपीराइट कुणाचा? दिवंगत कवीची कविता किंवा अनुवाद छापायचा तर?

तुम्ही पगार न देता मागवलेल्या लेखनाचा हक्क लेखकाचाच राहतो. ‘सर्व हक्क संपादकाधीन’ अशी ओळ छापल्याने तो तुमच्याकडे येत नाही. हक्क हस्तांतरित करायला लेखी, सही केलेला करार लागतो. आम्ही हक्क मागतच नाही. लेखकाकडून एवढंच घेतो: ‘ही कविता तुमच्या एका अंकात छापण्यास आणि त्या अंकाच्या पीडीएफमध्ये ठेवण्यास माझी परवानगी आहे. बाकी सर्व हक्क माझ्याकडे राहतील.’ सही, तारीख. ईमेलने आलं तरी जपून ठेवा.

भारतात हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो आणि ही वर्षं पुढच्या जानेवारीपासून मोजतात. मर्ढेकर १९५६ साली गेले, त्यांच्या कविता २०१६ अखेर मुक्त झाल्या. कोलटकर २००४ साली गेले, म्हणजे २०६४ अखेरपर्यंत वारसांची किंवा प्रकाशकाची परवानगी हवी. ‘श्रद्धांजली म्हणून छापतोय’ हे कारण कायद्यात नाही.

अनुवादाला मूळ लेखकाची परवानगी लागते आणि अनुवादकाचाही अनुवादावर स्वतंत्र हक्क असतो. स्पॅनिश कविता इंग्रजीवरून मराठीत आणली असेल तर मधल्या इंग्रजी अनुवादकालाही विचारा, आणि ‘इंग्रजीवरून’ असं प्रामाणिकपणे छापा.

१३. फेसबुकवर आधीच आलेली कविता घ्यावी का?

हक्काची अडचण नाही, कवीची परवानगी असली की झालं. आम्ही घेतो. कागदावर तीच कविता वेगळी वाचली जाते. फक्त स्क्रीनशॉटवरून टाइप करू नका, कवीकडून मजकूर मागवा.

१४. एआयकडून लिहून घेतलेलं लेखन आलं तर?

ओळखण्याची खात्रीची युक्ती नाही. लेखन मागवताना अट लिहा, आणि शंका आली तर लेखकाशी फोनवर त्याच्या मजकुराबद्दल बोला. ज्याने लिहिलंय तो एखाद्या शब्दासाठी भांडतो.

१५. कोणता फॉन्ट वापरावा? जुळणी करताना अक्षरं तुटतात.

युनिकोडच वापरा. जुन्या फॉन्टात टाइप केलेला मजकूर रूपांतरित करताना सगळ्यांत आधी ‘ऱ्य’ तपासा. ‘दऱ्या’चं ‘दर्या’ होतं, आणि दोन्ही शब्द खरे असल्याने कोणताही शुद्धलेखन तपासक ते पकडत नाही. ‘डोंगरदर्या’ छापलेला अंक आम्ही पाहिला आहे. इनडिझाइनमध्ये काम करत असाल तर भारतीय लिप्यांसाठीचा कंपोजर निवडलेला असावा, नाहीतर जोडाक्षरं फुटतात.

फुकट आणि चांगले पर्याय आहेत. मजकुराला ‘टिरो देवनागरी मराठी’ घ्या. त्यात ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतात. शीर्षकांना ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे ‘मुक्त’ किंवा ‘बालू’. कवितेला अकरा पॉइंटच्या खाली जाऊ नका आणि ओळ मोडू देऊ नका. लांब ओळीची कविता असेल तर पान आडवं करा.

१६. बोलीतल्या लेखनाचं मुद्रितशोधन कसं करायचं?

प्रमाण लेखनाचे नियम लावू नका. मालवणीतलं ‘खंय’ कुणी ‘कुठे’ करत नाही, ते परकं दिसतं म्हणून बचावतं. घात होतो तो जवळच्या रूपांचा. ‘व्हता’चं ‘होता’, ‘म्हनला’चं ‘म्हणाला’ हे प्रूफं वाचणाऱ्याच्या हातून सवयीने होऊन जातं आणि माणसाचा आवाज जातो. लेखकाकडून आधी शब्दांची यादी घ्या: कोणती रूपं मुद्दाम आहेत, आणि तोच शब्द दोन ठिकाणी दोन तऱ्हेने आला तर तो बोलणाऱ्यांतला फरक आहे का. ती यादी प्रूफाच्या पहिल्या पानाला टाचा. शेवटचं प्रूफ लेखकानेच वाचावं, शक्य झाल्यास मोठ्याने. आमच्या मते सगळ्या कामातलं हे सर्वांत मोलाचं काम आहे, आणि वेळ कमी पडला की नेमकं हेच वगळलं जातं.

१७. मजकुरावर कुणी खटला भरला तर जबाबदार कोण?

लेखक, संपादक, प्रकाशक, मुद्रक, सगळेच येऊ शकतात. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता १९९४ साली बँक कर्मचाऱ्यांच्या एका वार्तापत्रात छापली गेली. अश्लीलतेचा खटला सर्वोच्च न्यायालयात पोचून निकाल लागला तो २०१५ साली. छापणाऱ्या प्रकाशकाने आधीच बिनशर्त माफी प्रसिद्ध केली होती म्हणून त्याच्यावरचा आरोप रद्द झाला; कवीवरचा पुढे चालवायला न्यायालयाने मुभा दिली. अश्लीलतेबद्दलचं भारतीय दंड संहितेतलं तेव्हाचं कलम २९२ आता भारतीय न्याय संहितेत २९४ आहे.

यावरून कुणी घाबरून गुळगुळीत अंक काढावा असं आम्हाला म्हणायचं नाही. जे छापताय त्यामागे तुम्ही सगळे उभे राहणार का, हे छपाईआधी एकत्र बसून ठरवा. मुद्रकाला मजकूर दाखवा. त्याच्या पोटापाण्याचा प्रश्न असतो. जिवंत, ओळखू येणाऱ्या खासगी व्यक्तीबद्दल आरोप असतील तर मात्र आम्ही छापत नाही.

१८. पोस्टाने अंक कसा पाठवावा? बुक पोस्ट बंद झालं ना?

छापील पुस्तकांची सवलतीची ती सेवा २०२४ च्या अखेरीस बंद झाली. मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू आहे: ३०० ग्रॅमपर्यंत वीस रुपये, पाच किलोपर्यंत शंभर, वर कर. मात्र ठरावीक अंतराने निघणारी प्रकाशनं आणि जाहिराती असलेला मजकूर तिथे चालत नाही, आणि मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं असावं लागतं. म्हणजे पुस्तकरूपाने काढलेला, जाहिरात नसलेला अंक बसू शकतो. जाहिराती घेण्याआधी हाही हिशेब करा. प्रश्न ३ मधला चौसष्ट पानी अंक साधारण ८५ ते ९० ग्रॅमचा होतो, त्यामुळे तीन प्रती एका पाकिटात जातात. एका गावातल्या वाचकांना एकत्र पाठवून आपसात वाटायला सांगा. पुष्कळदा त्यातूनच तिथला वाचकगट तयार होतो.

१९. दुकानदार किती कमिशन घेतात?

बहुधा पस्तीस ते चाळीस टक्के, आणि पैसे विक्रीनंतर. दोनतीन दुकानांपुरतंच ठेवा, प्रती दिल्याची पावती घ्या. अंकाच्या विक्रीवर जीएसटी नाही, पण कागद आणि छपाईवर तुम्ही भरलेला कर परत मिळत नाही, तो खर्चात धरा. सर्वांत जास्त प्रती कवितावाचनाला आणि साहित्य संमेलनात हातोहात जातात.

२०. पीडीएफ फुकट द्यावी का?

छापील प्रती संपल्यावर, लेखकांची परवानगी असेल तर (प्रश्न १२), जरूर. आम्ही सहा महिने थांबतो.

२१. आम्ही पाच जण संपादक आहोत आणि वाद सुरू झालेत.

पाच जास्त आहेत. अंकागणिक एकाच्या हाती शेवटचा शब्द द्या आणि पुढच्या अंकाला बदला. पैशाची वही मात्र एकाकडेच, आणि सगळ्यांना कधीही पाहता येईल अशी. नाव कुणाच्या मालकीचं, कुणी सोडून गेलं तर काय, हे एका कागदावर लिहून सगळ्यांनी सह्या करा.

२२. बंद कधी करावं?

मजकूर निवडताना ‘चालेल’ हा शब्द वरचेवर यायला लागला की. ‘सत्यकथा’सुद्धा १९८२ साली थांबली. छोट्या अंकाला दीर्घायुष्याची सक्ती नाही, चार चांगले अंक पुष्कळ झाले. मात्र बंद करायचं तर नीट करा. ज्यांचे आगाऊ पैसे घेतले त्यांना ते परत पाठवा. हाती असलेलं अप्रकाशित लेखन लेखकांना कळवून मोकळं करा, म्हणजे ते दुसरीकडे देऊ शकतील. सर्व अंकांचे दोन पूर्ण संच बांधून घ्या, एक मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या जुन्या संस्थेला आणि एक तुमच्या जिल्ह्यातल्या ग्रंथालयाला द्या. लेखकांशी झालेला पत्रव्यवहार त्यांच्या संमतीने त्याच संचासोबत ठेवा, आणि जुळणीच्या मूळ फाइली किमान दोघांकडे असू द्या.